चाळीस दिवस दुकान कोण चालवील?
कामे सोपविणे आणि माणूस तयार करणे : व्यापारी व कारागीर बंधूंसाठी

हज कमिटीच्या सोडतीत नाव निघाले की घरी मुबारकबादी देणाऱ्यांची रीघ लागते. पण छोट्या व्यापाऱ्याच्या मनात त्या आनंदाच्या मागोमाग एक प्रश्न उभा राहतो. चाळीस दिवस गल्ल्यावर कोण बसणार? मुलाला खरेदीचे भाव माहीत नाहीत, नोकराला उधारी माहीत नाही आणि सुरतेच्या आडत्याचा हिसाब तर फक्त आपल्या डोक्यात आहे. मग कोणी मेहुण्याला बोलावून बसवतो, तर कोणी शटरला कुलूप लावून जातो. परत येऊन पाहावे तर निम्मे गिऱ्हाईक समोरच्या दुकानात रुळलेले असते.

हा प्रश्न पुढील काही वर्षे अधिकच बिकट होणार आहे. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे हज दरवर्षी तितकाच अलीकडे सरकतो. २०२५ साली तो जूनच्या पहिल्या आठवड्यात होता, या दशकाच्या अखेरीस तो एप्रिलमध्ये येईल. म्हणजे आपल्या गोंदिया जिल्ह्यात लग्नसराई आणि तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, नेमक्या त्याच दिवसांत. आमगाव, सालेकसा, देवरी, तिरोडा येथून लग्नाचा बस्ता बांधायला लोक येणार आणि दुकानदार नसणार. हजची तारीख निदान आधी कळते. आजारपण आणि अपघात तर सांगून येत नाहीत.

तेव्हा ज्याचे दुकान मालकाशिवाय चाळीस दिवस चालत नाही, त्याच्याकडे धंदा नाही, फक्त रोजगार आहे, असेच म्हणावे लागेल. आपल्या समाजातील बहुतेक दुकाने, शिलाईचे कारखाने आणि गॅरेज यांची आज हीच अवस्था आहे. याचे कारण भांडवलाची कमी हे नाही. आपण कामे देतो, पण सोपवीत नाही, हे खरे कारण आहे.

काम देणे आणि काम सोपविणे

हा फरक समजण्यासाठी दूर जावे लागत नाही. आपल्या भागातील जुना धंदा विडीचा. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून, भंडारा जिल्हा एकच असताना, येथे ही पद्धत चालत आली. कारखानदार तेंदूपत्ता व तंबाखू सट्टेदाराला देतो. सट्टेदार तो घरोघरी वाटतो. वळलेल्या विड्या हजाराच्या हिशेबाने परत येतात आणि खराब निघाल्या त्या छाटल्या जातात.

या पद्धतीवर सर्वोच्च न्यायालयात दोन प्रसिद्ध खटले झाले. १९५८ साली सागरच्या चिंतामण राव खटल्यात न्यायालयाने ठरविले की सट्टेदार हे कारखान्याचे कामगार नसून स्वतंत्र ठेकेदार आहेत, कारण ते काम कसे करून घेतात यावर कारखानदाराचे नियंत्रण नव्हते. पुढे १९६१ च्या बिर्धीचंद शर्मा खटल्यात नागपूरच्या कारखान्यात बसून विडी वळणाऱ्यांना मात्र कामगार मानले गेले. विडीसारख्या साध्या कामावर दिवसभर डोक्यावर उभे राहण्याची गरज नसते, दिवसाअखेर खराब माल नाकारण्याचा हक्क हेसुद्धा नियंत्रणच आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. १९६६ साली विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला व घरी बसून वळणाऱ्यांनाही त्यात जागा मिळाली.

कायद्याचा भाग वकिलांवर सोडू. व्यापाऱ्यासाठी यात दोन गोष्टी आहेत. पहिली, देखरेख किती ठेवायची हे कामाच्या जातीवर ठरते. थान मोजणाऱ्यावर जितकी नजर लागते तितकी झाडू मारणाऱ्यावर लागत नाही, आणि पहिल्यांदा कापड कापणाऱ्यावर जितकी लागते तितकी दहा वर्षांच्या कारागिरावर लागत नाही. आपण मात्र सर्वांवर सारखेच ओरडतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. छाट काढण्याने माल सुधारतो, माणूस घडत नाही. तीस वर्षे विडी वळणारी बाई तीस वर्षांनंतरही विडीच वळत असते, कारण त्या व्यवस्थेने तिच्याकडून दुसरे काही मागितलेच नाही. आपल्या दुकानातही बहुधा हेच चालते. सकाळी काम वाटायचे, रात्री चुका काढायच्या. चूक का झाली आणि पुढच्या वेळी काय पाहावे, हे सांगायला वेळ नाही. असा नोकर पंधरा वर्षांनीही विचारतो, "सेठ, आता काय करू?" आणि आपण म्हणतो, याला अक्कल नाही.

व्यापारात अमानतीची रीत

आपल्याला याबाबतीत कोणाची उसनवारी करण्याची गरज नाही. हजरत खदीजा (रजि.) या मक्केच्या नामांकित व्यापारी होत्या. त्या स्वतः काफिल्याबरोबर जात नसत, भांडवल देऊन विश्वासू माणसाकरवी व्यापार करवीत. हजरत मुहम्मद (स.) यांची सचोटी त्यांनी ऐकली तेव्हा आपला माल देऊन त्यांना शामकडे पाठविले. ही गोष्ट नबुव्वतीच्या आधीची आहे. सोबत मैसरा नावाचा सेवक दिला. परत आल्यावर मैसराने प्रवासात जे पाहिले ते सांगितले.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. प्रथम माणूस पारखला. नंतर माल खरोखर त्याच्या हाती दिला. शामच्या बाजारात काय भावाने विकायचे हे मक्केत बसून सांगितले नाही. आणि परत आल्यावर हकीकत ऐकून घेतली. पारख, अधिकार, मोकळीक आणि हिसाब या चारही गोष्टी त्यात आल्या. आपण पारख करतो आणि हिसाब मागतो, मधल्या दोन गोष्टी गाळतो.

फिकहमध्ये मुदारबाचे जे नियम आहेत तेही याच धर्तीचे आहेत. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरल्या हिश्श्याने. भांडवलवाल्याला सुरुवातीलाच अटी घालता येतात: अमुक माल, अमुक शहर, अमुक मुदत. त्याला मुकय्यद मुदारबा म्हणतात. अटी न घालता सोपविले तर तो मुतलक. काम करणाऱ्याचा काही दोष नसताना नुकसान झाले तर ते भांडवलावर पडते, काम करणाऱ्याची मेहनत वाया जाते. त्याने अट मोडली किंवा हयगय केली तर मात्र तो जबाबदार.

यातील इन्साफ लक्षात घ्या. आपल्याकडे माल पडून राहिला तर नोकराच्या पगारातून कापण्याची भाषा होते आणि माल खपला तर ती सेठची हुशारी ठरते. असे असेल तर कोणता शहाणा माणूस पुढे होऊन निर्णय घेईल? तो प्रत्येक गोष्ट आपल्याला विचारील आणि आपण बांधले जाऊ.

काय सोपवावे आणि किती

काही व्यापारी बंधू उत्साहात एकदम सर्व किल्ल्या देतात आणि महिन्याने पस्तावतात. ही सोपवणूक नव्हे, ही जबाबदारी झटकणे आहे. काम दुसऱ्याला देता येते, त्या कामाचा जाब मात्र शेवटी आपल्यालाच द्यायचा असतो. गिऱ्हाइकालाही आणि अल्लाहलाही.

म्हणून आपल्या धंद्यातील कामांचे तीन ढीग करावेत. पहिल्या ढिगात रोजची ठरीव कामे: दुकान उघडणे, माल लावणे, मोजमाप, बिल, क्यूआर कोडवर आलेल्या पैशांचा रात्री मेळ घालणे. ही कामे मालकाने करूच नयेत. दुसऱ्या ढिगात अंदाजाची कामे: भावात किती सोडायचे, कोणाला उधार द्यायचे, कोणता माल परत मागवायचा. ही कामे हद्द ठरवून द्यावीत. तिसऱ्या ढिगात जी चूक झाल्यास धंदाच डगमगेल अशी कामे: कर्ज, जागेचा करार, मोठी खरेदी, भागीदारी. ही शेवटपर्यंत आपल्या हाती ठेवावीत, पण त्या वेळी दुसऱ्याला शेजारी बसवून ऐकू द्यावे.

दुसरा ढीग हाच खरा नाजूक. येथे आकडा लागतो. "जरा बघून उधार देत जा" हा हुकूम नाही, ही टांगती तलवार आहे. "ओळखीच्या गिऱ्हाइकाला दोन हजारांपर्यंत तू दे, मागचे बाकी असेल तर देऊ नको, त्यापुढे मला फोन कर" असे सांगितले की माणसाला आपली हद्द कळते. हद्दीच्या आत त्याने जे केले त्याबद्दल नंतर बोल लावू नये. दोनदा तसे झाले की तो पुन्हा निर्णय घेणार नाही.

आपल्या कापड धंद्यात तर एक जुनी खोड आहे. थानाच्या चिठ्ठीवर खरेदीची किंमत सांकेतिक अक्षरांत लिहिलेली असते आणि ती अक्षरे मालकाशिवाय कोणाला वाचता येत नाहीत. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की नोकर गल्ल्याकडे पाहतो. ज्याला आपण दुकान सोपवू इच्छितो त्याला ती अक्षरे शिकविल्याशिवाय गत्यंतर नाही. शिलाईच्या कारखान्यात हीच गोष्ट कैचीची आहे. काज-बटनापासून सुरू केलेला पोरगा मशीनवर येतो, पण कटिंगची कैची मास्टर शेवटपर्यंत सोडत नाही. मास्टरची नजर अधू होते तेव्हा कारखान्यात वीस हात शिवणारे असतात, कापणारा एकही नसतो.

आणि जे काही डोक्यात आहे ते कागदावर उतरले पाहिजे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये किती सविस्तर आली आहे, हे आपण सर्व जाणतो. तरीही आपली उधारी, आडत्यांचे भाव, कोणाशी काय बोली झाली, हे सारे स्मरणात असते. जीएसटी आल्यापासून बिले तरी राहू लागली. बाकीचे एका वहीत लिहा. जे लिहिलेले नाही ते सोपविता येत नाही.

शिकवावे कसे

उस्ताद-शागिर्दीची आपली परंपरा चांगली आहे, पण तिच्यात "बघून बघून शीक" यावर फार भर असतो. नुसते बघून हात शिकतो, निर्णय शिकत नाही. त्यासाठी चार पायऱ्या आहेत. प्रथम मी करतो, तू बघ आणि मी का करतो ते ऐक. नंतर दोघे मिळून करू. मग तू कर, मी जवळ बसतो. शेवटी तू एकट्याने कर आणि मला सांग. आपल्याकडे बहुतेकांची उडी पहिल्या पायरीवरून थेट चौथीवर असते. तीही नाइलाज झाल्यावर.

खरेदीचे उदाहरण घ्या. नागपूरच्या गांधीबागेत किंवा रायपूरच्या पंडरी बाजारात जाताना मुलाला सोबत न्या. पहिल्या खेपेस तो फक्त पाहील. दुसऱ्या खेपेस माल पसंत करण्याआधी त्याला विचारा, "बेटा, तू हा घेतला असता का? किती थाने? कोणासाठी?" त्याचे उत्तर चुकले तरी हसू नका, आपला हिसाब समजावून सांगा. तिसऱ्या खेपेस एक ठरावीक रक्कम, वीस-पंचवीस हजार म्हणा, त्याच्या हाती द्या आणि अस्तर किंवा टॉवेल-लुंगी असा एकच माल त्याच्या मर्जीने घेऊ द्या. तो माल दुकानात वेगळा मांडा. हंगाम संपल्यावर किती खपला, किती पडला हे दोघांनी बसून मोजा. यात थोडे नुकसान झालेच तर ती शिक्षणाची फी समजावी.

विचारून शिकविण्याची ही रीतही आपल्याकडे जुनीच आहे. हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांना यमनला पाठविताना नबी करीम (स.) यांनी त्यांना आधी विचारले की फैसला कशाच्या आधारे करशील. त्यांनी कुरआन, नंतर सुन्नत आणि दोन्हींत न सापडल्यास आपल्या बुद्धीने प्रयत्न करीन असे सांगितले, तेव्हा हुजूर (स.) प्रसन्न झाले, अशी रिवायत आहे. म्हणजे जाणाऱ्याला सगळ्या प्रश्नांची तयार उत्तरे बांधून दिली नाहीत, उत्तर कसे शोधायचे हे पक्के आहे की नाही ते पाहून घेतले. नागपूरला पाठविण्यापूर्वी आपणही मुलाला इतके विचारू शकतो.

चारचौघांत अधिकार राखावा

काम सोपविल्यावर ज्याला सोपविले त्याचा मान राखणे हे सर्वांत अवघड. हिजरी ११ मध्ये, म्हणजे इसवी ६३२ साली, नबी करीम (स.) यांनी शामकडे जाणाऱ्या लष्कराचे नेतृत्व हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांना दिले. त्यांचे वय विशीच्या आसपास होते आणि लष्करात मोठमोठे सहाबी होते. वयावरून कुजबूज झाली, तरी हुजूर (स.) यांनी निर्णय बदलला नाही. त्यांच्या वफातीनंतर हजरत अबू बकर (रजि.) खलीफा झाले. परिस्थिती कठीण होती, नेतृत्व अनुभवी माणसाकडे द्यावे असा आग्रह झाला. त्यांनी तो मानला नाही. निरोप देताना तरुण उसामा स्वारीवर होते आणि खलीफा पायी चालत होते. हजरत उमर (रजि.) यांची मदीनेत गरज होती, पण ते उसामांच्या लष्करात होते. तेव्हा खलीफांनी त्यांना ठेवून घेण्याची परवानगी उसामांकडे मागितली. हुकूम देण्याचा अधिकार असताना परवानगी मागितली, आणि तीही सर्वांसमोर. त्याच वेळी युद्धात काय करायचे नाही, स्त्रिया, मुले, वृद्ध यांना हात लावायचा नाही, फळझाडे तोडायची नाहीत, या मर्यादाही स्पष्ट करून दिल्या.

आता आपले दुकान पाहा. मुलाने गिऱ्हाइकाला भाव सांगितला. गिऱ्हाईक ओळखीचे. ते गल्ल्याकडे वळून म्हणते, "चाचा, तुम्ही सांगा." आणि आपण मोठेपणाने पन्नास रुपये कमी करतो. त्या पन्नास रुपयांत मुलाचा शब्द विकला गेला. उद्यापासून त्याच्याशी कोणी सौदा करणार नाही. त्या ठिकाणी "हा भाग तोच पाहतो, त्याच्याशीच बोला" इतके म्हटले पाहिजे. चूक असेल तर दुकान बंद झाल्यावर एकांतात सांगावी.

शिकला की सोडून जाईल?

ही भीती प्रत्येक व्यापाऱ्याला असते आणि ती अगदीच खोटी नाही. शिकलेला कारागीर कधी कधी समोरच दुकान टाकतो. पण या भीतीने आपण जे करतो त्याचा परिणाम काय होतो? हुशार माणूस कंटाळून जातो आणि ज्याला कुठे जाता येत नाही तो राहतो.

महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे मुहम्मद हाशम प्रेमजी यांनी १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना काढला. १९६६ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे पुत्र अजीम प्रेमजी २१ वर्षांचे होते आणि अमेरिकेत शिकत होते. त्यांना शिक्षण सोडून यावे लागले. तेल-तुपाचा तो धंदा पुढे विप्रो या नावाने संगणकाच्या क्षेत्रात गेला. जो धंदा मालकाने शिकलेला नव्हता तो चालविण्यासाठी जाणकार माणसे आणून त्यांच्या हाती कारभार देण्यावाचून मार्ग नव्हता. अशांपैकी अशोक सूटा यांनी संगणकाचा विभाग अनेक वर्षे सांभाळला. १९९९ साली ते बाहेर पडले आणि त्यांनी इतरांबरोबर माइंडट्री ही नवी कंपनी काढली. म्हणजे भीती खरी ठरली. पण विप्रो बुडाली का? नाही, ती वाढतच गेली, कारण कारभार एका माणसावर टांगलेला नव्हता. २०१९ साली प्रेमजींनी अध्यक्षपद सोडले. पुत्र रिशद हे त्याआधी २००७ पासून कंपनीत काम करीत होते. बापाला अचानक जी धुरा घ्यावी लागली, ती मुलाला बारा वर्षांच्या अनुभवानंतर मिळाली. आपल्या धंद्याचा आकार लहान असला तरी हा फरक आपल्यालाही लागू आहे.

माणूस टिकावा असे वाटत असेल तर वाढलेल्या जबाबदारीबरोबर पगार वाढवा, किंवा नफ्यात लहानसा हिस्सा ठरवा आणि तो लिहून द्या. सोबत मुलांच्या बरोबरीने मुलींचाही विचार करा. आज आपल्या कितीतरी घरांत वाणिज्य शाखेत शिकलेल्या मुली आहेत. हिसाब, बिले, जीएसटीची कामे त्या घरून उत्तम सांभाळू शकतात. खदीजा (रजि.) यांचे नाव घेणाऱ्या समाजाला यात संकोच वाटू नये. वारसा हक्काने त्या हिस्सेदार होतातच, धंदा समजणाऱ्या हिस्सेदार झाल्या तर वाटणीच्या वेळी भांडणेही कमी होतील.

आजपासून काय करता येईल

चाळीस दिवसांची तयारी चाळीस दिवसांत होत नाही. म्हणून लहान सुरुवात करावी. या महिन्यात एक दिवस मुद्दाम दुकानात जाऊ नका. फोनही करू नका. रात्री फक्त दोन गोष्टी विचारा: आज कुठे अडले आणि तू काय केलेस? जे अडले ते वहीत लिहा, कारण तेच शिकवायचे राहिले आहे. पुढच्या महिन्यात तीन दिवस, मग आठवडा. धानाची विक्री होऊन बाजारात पैसा येतो तो हंगाम यासाठी टाळावा, पावसाळ्याचे मंद दिवस निवडावेत. दोन-तीन वर्षांत आपले दुकान चाळीस दिवसांच्या परीक्षेला बसण्याजोगे होईल.

आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी म्हातारपणापर्यंत गल्ला सोडला नाही आणि त्यांच्यामागे सहा महिन्यांत दुकान मोडीत निघाले, हे आपण आपल्याच बाजारात पाहिले आहे. त्यांच्या मेहनतीत कसूर नव्हती. ती मेहनत पुढच्या हातांत पोचली नाही, एवढेच. धंदा हीसुद्धा अमानत आहे. त्यावर आपल्या घराबरोबर नोकरांची आणि कारागिरांची घरे चालतात. ती अमानत वेळेवर, योग्य हातांत, हद्द आणि अधिकार यांच्यासह सोपविण्याची समज अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.